भिंत पुन्हा उभी करताना

‘घाशीराम कोतवाल’ची संहिता एका बैठकीत वाचून होते. वाचून झाल्यावर पुष्कळांचा चेहरा जरा पडतो. एवढा गाजावाजा झाला तो याच्यासाठी? संवाद तोटके, प्रसंग सुरू होतो न होतो तोच गुंडाळला जातो. मध्येच देवाचं नाव, मध्येच लावणीचा तुकडा, मध्येच नुसता गलका. गंभीर नाटकात जे शोधायची आपल्याला सवय आहे ते, म्हणजे मोठी स्वगतं, मनाची घालमेल, अंकाच्या शेवटी टाळी घेणारं वाक्य, यातलं जवळपास काहीच सापडत नाही. विजय तेंडुलकरांसारखा संवादावर हुकमत असलेला लेखक इथे मुद्दाम हात आखडता घेऊन बसला आहे, असं वाटतं. तसा तो बसलाच आहे. कारण हे नाटक पानावर उभंच नाही. ते बारा माणसांच्या एका रांगेत आहे, तिच्या पावलांत आणि तिच्या गळ्यात.

पुढची प्रकरणं त्या रांगेविषयी आहेत. वाशीम, मालेगाव, रिसोड या पट्ट्यातली काही नाटकवेडी मुलं घाशीराम नव्याने बसवायला निघाली. त्यांनी टिपणं जमवली, जुन्या लोकांना विचारलं, नाटकावरचा सिनेमा पुन्हा पुन्हा पाहिला, तालमीत काय जमलं आणि काय फसलं ते लिहून ठेवलं, आणि त्याचं हे पुस्तक झालं. प्रस्तावना लिहायचं काम माझ्याकडे आलं ते मी शिरपूर जैनचा आणि उभा जन्म भजनी मंडळं, गणपतीतली नाटकं आणि दंडारी, म्हणजे आमच्याकडची लोकनाट्यं, बघण्यात घालवलेला, म्हणून. पुण्याच्या रंगभूमीवर अधिकाराने बोलणारे पुण्यात पुष्कळ आहेत. मला बोलायचं आहे ते वेगळ्या गोष्टीवर. मराठीतल्या सगळ्यात नव्या, सगळ्यात धक्कादायक म्हणवल्या गेलेल्या या संगीत नाटकाचा कच्चा माल आमच्यासारख्या गावांत रोज वापरात आहे. म्हणून ते पुन्हा उभं करायचं तर पुण्याच्या प्रयोगाची नक्कल करत बसण्याचं कारण नाही.

आधी थोडा इतिहास, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. घाशीराम सावळदास हा औरंगाबादकडून पुण्यात आलेला कनोजी ब्राह्मण. नाना फडणविसांच्या कारभारात १७७७ मध्ये तो पुण्याचा कोतवाल झाला आणि चौदा वर्षं त्याने शहर आपल्या दहशतीखाली ठेवलं. १७९१ च्या ऑगस्टमध्ये दक्षिणेसाठी आलेले तेलंगी ब्राह्मण त्याच्या कोठडीत कोंडले गेले आणि त्यातले बरेच गुदमरून मेले. शहर खवळलं, नानांना कोतवालावरचा हात काढून घ्यावा लागला आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. हे कथानक मराठीला नवं नव्हतं. मोरोबा कान्होबा यांनी ‘घाशीराम कोतवाल’ याच नावाचं पुस्तक १८६३ मध्येच लिहिलं होतं. तेंडुलकरांनी या हकिकतीत आपल्याला हवा तो सौदा घातला. कोतवाली मिळवण्यासाठी घाशीराम आपली मुलगी, ललिता गौरी, नानाच्या हवाली करतो. इतिहासाला हे मंजूर आहे का, यावर पन्नास वर्षं भांडणं झाली. तेंडुलकर सांगत राहिले की हे ऐतिहासिक नाटक नाही. सत्ता आपल्या सोयीसाठी माणूस कसा घडवते आणि काम झाल्यावर तो कसा फेकते, ते मला दाखवायचं आहे.

पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झाला. संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. नाना झाले मोहन आगाशे, घाशीराम रमेश टिळेकर. या मंडळींतले जब्बार, आगाशे आणि सतीश आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजच्या मुशीतले. दिवसा दवाखाना किंवा प्रयोगशाळा आणि संध्याकाळी तालीम, असा तो मामला होता. नाटक गाजलं आणि त्याच वेगाने अंगावर आलं. नानांची बदनामी, ब्राह्मणांची बदनामी असा ओरडा झाला. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेच्या ज्येष्ठांनीच ते थांबवायचं ठरवलं. बंदी सरकारने घातली नव्हती, घरच्यांनी घातली होती, हे विसरायला नको. मग ही तरुण मंडळी बाहेर पडली, मार्च १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि १९७४ च्या जानेवारीत घाशीराम पुन्हा रंगमंचावर आणलं.

घाशीरामचं पहिलं पुनरुज्जीवन म्हणतात ते हे. पण ते तसं सोपं होतं. संच तोच, दिग्दर्शक तोच, चाली त्याच. नाटक वर्षभर बंद होतं, पण ते त्यांच्या पायांत होतं. संस्था सोडताना त्यांना बरोबर न्यायला ना सेट होता ना पडदा. होती ती पावलं आणि चाली, आणि त्यांवर कुणाला कुलूप घालता आलं नाही. १९८० मध्ये बर्लिनच्या महोत्सवाचं आमंत्रण आलं तेव्हा पुन्हा विरोध पेटला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि प्रयोगाआधी निवेदन करायचं या तोडग्यावर मंडळी युरोपला रवाना झाली. पुढे अमेरिकेतही प्रयोग झाले. परदेशात टाळ्या पडल्या म्हणून आपल्याकडे नाटकाला मान मिळतो, ही आपली जुनी खोड. घाशीरामच्या वाट्यालाही ती आली.

आता त्या रांगेकडे येतो. पडदा वर जातो तेव्हा रंगमंच जवळजवळ मोकळा. धोतर, शेंडी, कपाळी गंध अशी माणसं एका ओळीत खांद्याला खांदा लावून उभी, देवाचं नाव घेत डुलताहेत. गणपती येतो, नाचतो, मागोमाग सरस्वती आणि लक्ष्मी. इथवर सगळं आपल्या ओळखीचं, नमन. मग सूत्रधार एकेका भटजीला अडवून विचारायला लागतो, कुठे निघालात एवढ्या रात्री? कुणी देवळात म्हणतो, कुणी कीर्तनाला. निघालेले असतात सगळे बावनखणीकडे, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीकडे. रांग पाठ फिरवते आणि पाठींची भिंत होते. भिंतीपलीकडे लावणी चालू आहे, अलीकडून आपल्याला नुसत्या डुलणाऱ्या पाठी दिसतात. पुन्हा तोंडं फिरतात आणि तीच माणसं साळसूद चेहऱ्याने हरिनाम घेत असतात.

ही युक्ती कोकणातल्या नमन-खेळ्यांच्या घराण्यातली. पण इथे ती नुसती युक्ती राहिलेली नाही. नाटकभर ही भिंत वाडा होते, गल्ली होते, देऊळ होते, जमाव होते. घाशीराम पुण्यात परका, भिकेला लागलेला. बावनखणीत नानाचा पाय मुरगळतो, घाशीराम आपली पाठ पुढे करतो आणि बक्षीस म्हणून गळ्यातला हार मिळवतो. तो हार तिथली कलावंतीण गुलाबी त्याच्याकडून हिसकावून घेते. पुढे दक्षिणेच्या गर्दीत त्याच्यावर चोरीचा आळ येतो आणि त्याला बडवून कोठडीत टाकलं जातं. हे सगळं करणारी, बघणारी आणि न बघितल्यासारखं करणारी तीच रांग. शेवटी घाशीरामचा जीव घेणारीही तीच. आणि त्याचं प्रेत पडल्यावर नानाच्या इशाऱ्यावर उत्सवाला लागणारीही तीच. भिंतीला नाव नाही म्हणून तिच्यावर गुन्हा नोंदवता येत नाही. तेंडुलकरांनी मोठे संवाद का लिहिले नाहीत याचं उत्तर मला इथे सापडतं. या नाटकात जो बोलतो तो पकडला जातो. भिंत गाते, आणि गाणाऱ्याला जाब कोण विचारणार?

या नाटकाला संगीत नाटक म्हणायला अनेकांची जीभ रेटत नाही. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणलं तेव्हापासून आपल्याकडे संगीत नाटक म्हणजे पद आणि पद म्हणजे एकट्याचा गळा. नट पुढे येणार, ऑर्गन स्वर देणार, ‘वन्स मोअर’ मिळणार. घाशीराममध्ये गाणं कुणा एकाच्या मालकीचं नाही. अभंगाच्या वळणाचा तुकडा लावणीत शिरतो, लावणी कीर्तनाच्या रंगात जाते, आणि मृदंगावरची थाप ढोलकीवर कधी उतरली ते कळत नाही. चंदावरकरांनी केलेली सगळ्यात धारदार गोष्ट ही, की भक्तीचा सूर आणि वखवखीचा सूर यांच्यातलं अंतर त्यांनी जवळपास शून्यावर आणलं. नाना देवळात मुलींवर नजर टाकतो तेव्हा मागचं हरिनाम थांबत नाही. ते थांबलं असतं तर आपल्याला बरं वाटलं असतं.

चंदावरकर हे रविशंकरांचे सतारीतले शिष्य आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधले संगीताचे शिक्षक. इथे एक गंमतशीर दुवा सांगतो. साठच्या दशकात पॅरिसमध्ये फिलिप ग्लास नावाचा तरुण अमेरिकन संगीतकार एका चित्रपटासाठी रविशंकरांचं संगीत पाश्चात्त्य लिपीत उतरवून घेण्याच्या कामावर होता. छोट्या छोट्या मात्रांची जोडणी करून मोठं आवर्तन कसं उभं राहतं, हे त्याने तिथे पाहिलं. पुढे रॉबर्ट विल्सनबरोबर त्याने ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ हा ऑपेरा केला आणि १९७६ च्या जुलैत तो फ्रान्समधल्या आव्हिन्यों महोत्सवात झाला. त्यात कथा नाही. गाणारे आकडे म्हणतात आणि स्वरांची नावं म्हणतात. सुरुवात संहितेने झालीच नव्हती, विल्सनने काढलेल्या चित्रांवरून ग्लासने संगीत रचलं होतं. प्रयोग पाच तासांच्या आसपास, मध्यंतर नाही, प्रेक्षकाने हवं तेव्हा उठावं आणि हवं तेव्हा परत यावं. पश्चिमेला हे अघटित वाटलं. आमच्याकडे रात्रभराच्या दंडारीला आलेला माणूस मध्येच जाऊन चहा घेऊन येतो, पोराला झोपवून येतो, आणि त्याचं काही बुडत नाही.

दोन्ही कलाकृती सारख्या आहेत असं मी म्हणणार नाही. एकीत गोष्ट ठासून भरली आहे आणि दुसरीत ती औषधालाही नाही. पण अडचण एकच आहे. ‘आइन्स्टाइन’चं पुनरुज्जीवन १९८४, १९९२ आणि २०१२ मध्ये झालं, आणि दर वेळी विल्सन आणि ग्लास स्वतः उभे होते. हालचालींची वळणं, प्रकाशाची तिरीप, हाताचा कोन हे सगळं करणाऱ्यांच्या अंगात होतं आणि ते अंगातूनच पुढच्याला द्यावं लागलं. मग करणारे गेल्यावर काय? चंदावरकर २००९ मध्ये गेले, तेंडुलकर त्याच्या आदल्या वर्षी. घाशीरामची भिंत ज्यांच्या पायांत होती ती पिढी आता थकली आहे. इथून पुढचं पुनरुज्जीवन पहिल्यासारखं सोपं असणार नाही.

शिरपूरच्या माणसाला हा प्रश्न वेगळ्या वाटेने माहीत आहे. आमच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर १९८१ पासून कुलपात होतं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये उघडलं. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही पंथांच्या श्रद्धेच्या या वादात मी पडणार नाही, ती माझी जागा नाही. पण त्यात लेपाचा मुद्दा होता. मूर्ती झिजते, तिच्यावर लेप द्यावा लागतो. तो कुणी द्यायचा, कसा द्यायचा, आणि दिल्यावर मूर्तीचं रूप तेच राहतं का, यावर माणसं पिढ्यान् पिढ्या झगडली. गाजलेलं नाटक पुन्हा करायला घेतलं की हाच पेच पुढे येतो. पुण्यातल्या प्रयोगाच्या चित्रफिती समोर ठेवून पगडीची तीच तऱ्हा, आगाशेंची तीच मान, टिळेकरांचं तेच वाकणं उचललं तर तो लेप झाला. आतली मूर्ती मात्र दिसेनाशी होते.

नाटकाच्या बाबतीत सुदैवाने दुसरा रस्ता आहे, आणि तो इतरांनी चोखाळला आहे. दिल्लीत राजिंदर नाथ यांनी हे नाटक हिंदीत केलं. वसंत देव यांच्या हिंदी रूपाने ते कुठल्या कुठे पोहोचलं. जयंत कर्वे आणि एलिनॉर झेलियट यांनी इंग्रजी भाषांतर केलं. २०२५ मध्ये संजय मिश्रा नानाच्या भूमिकेत उभे राहिले. १९७६ च्या सिनेमाचं उदाहरण तर सगळ्यात बोलकं आहे. युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हच्या तरुणांनी, त्यात मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप होते, ‘घाशीराम कोतवाल’ पडद्यावर आणला. नाना आगाशेच, घाशीराम मात्र ओम पुरी. त्यांनी नाटकाची भिंत जशीच्या तशी उचलली नाही. लांबलचक, न तुटणारे कॅमेऱ्याचे फेरे घेतले आणि भिंतीचं काम कॅमेऱ्यावर सोपवलं. सिनेमा चालला नाही, बघायलाही सोपा नाही. पण मूळ कृतीतलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे त्यांना कळलं होतं. थिएटर अकॅडमीनेच १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, तोही ब्रेख्टच्या ऑपेऱ्यावरून. ब्रेख्टने तो अठराव्या शतकातल्या एका इंग्रजी ऑपेऱ्यावरून घेतला होता. ब्रेख्टच्या बर्लिनची गाणी पुण्यात तशीच गायली असती तर त्यातला तमाशा कुठून आला असता?

मग वऱ्हाडात भिंत कशी उभी राहील? मुलांनी पुस्तकात याचं उत्तर दिलं आहे आणि मला ते पटलं आहे. त्यांनी कोकणी खेळ्यांची पावलं सोडून दिली. आमच्या दंडारीत पुढचा सोंगाड्या ओळ टाकतो आणि मागचे झील धरतात. झीलकऱ्यांची पावलं अर्ध्या ठेक्याने मागे पडतात आणि मग एकदम जुळतात. त्या मागे पडण्यात एक आळसावलेला, बेफिकीर डौल आहे. भिंतीला तोच दिला. पुण्याची भिंत सफाईदार होती, कवायतीसारखी. ही भिंत जरा सैल, गप्पा मारत उभी असल्यासारखी, पारावर बसलेल्यांसारखी, आणि म्हणून माणूस मारायला धावते तेव्हा जास्त भीती वाटते. भजनी मंडळातला एक पेटीवाला त्यांना मिळाला, त्याने हरिनामाचा तुकडा आमच्याकडच्या काकड्याच्या ढंगात बसवून दिला. आठव्या प्रकरणात याची तपशीलवार टिपणं आहेत, ती सावकाश वाचा. सूत्रधाराला त्यांनी गाडगेबाबांच्या कीर्तनाची सवय लावली आहे, म्हणजे प्रेक्षकाला थेट प्रश्न विचारायचा आणि त्याच्या तोंडून उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. ‘कुठं चाललात?’ हा प्रश्न रंगमंचावरच्या भटाला विचारून झाला की तोच पहिल्या रांगेतल्या पुढाऱ्याला. प्रयोगात हे किती टिकेल कोण जाणे, पण तालमीत मजा आली.

एका बाबतीत माझं त्यांच्याशी जमलं नाही. ललिता गौरी या मुलीला तेंडुलकरांनी बोलायला जवळपास काहीच दिलं नाही. ती नाचते, दिली जाते, नाहीशी होते. मुलांपैकी काहींना वाटलं की आजच्या काळात तिला एक स्वगत, निदान एक गाणं द्यावं. हेतू चांगला आहे. पण तिला बोलकं केलं की नाटक तिची कीव करायला लागतं आणि भिंत सुटते. ती बोलत नाही हा या नाटकाचा दोष की धार, हा वाद मराठीत जुना आहे, आणि तो मला दोन्ही बाजूंनी कळतो. तरी माझं मत असं, की ती बोलत नसताना भिंत काय गाते याच्यावर मेहनत घ्यावी. पुस्तकात दोन्ही बाजू छापल्या आहेत, हे बरं केलं.

ब्राह्मणद्वेषाचा आरोपही पुन्हा होईल, याची तयारी असावी. गावात प्रयोग केला की लोक भिंतीतल्या माणसांची आडनावं शोधतात. त्यावर उपाय म्हणून धोतर-शेंडी काढून टाकावी अशी सूचना आली होती. मला ती भित्रेपणाची वाटते. नाटक अठराव्या शतकातल्या पुण्यात घडतं, तिथे सत्ता ज्यांच्या हाती होती तेच भिंतीत असणार. मात्र भिंतीतला बारावा माणूस आजच्या कपड्यांत उभा करायचा, आणि त्याच्याविषयी चकार शब्द बोलायचा नाही, ही मुलांची कल्पना मला भलतीच आवडली.

बाकी राहिले कामाचे मुद्दे. लेखकाच्या वारसांकडून प्रयोगाची लेखी परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हे दोन कागद हातात आल्याशिवाय हॉलची तारीख घेऊ नका. मृदंग आणि ढोलकी एकाच माणसाकडे देऊ नका, हात बदलला तरच सूर बदलतो. आणि पहिला महिना घाशीराम कोण, नाना कोण हे ठरवूच नका. जे ठरवतात त्यांच्या तालमीत दोघंच जण काम करतात आणि बाकीचे मोबाइल बघत बसतात. आधी बाराही जणांनी पाठ फिरवून उभं राहावं, शेजाऱ्याकडे न बघता एकाच वेळी डुलावं आणि हरिनाम म्हणत असताना कुणाचाही श्वास ऐकू येऊ देऊ नये. त्यात ज्याचा खांदा सारखा ओळीबाहेर येतो, त्याला घाशीराम करा.